वजन उचलायचे नाही, मग फिशटँकचे काय?

प्रश्न : हर्नियाचे ऑपरेशन झाले आहे. दीड महिना वजन उचलू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरी १०० लिटरचा फिशटँक आहे. पाणी कसे बदलू?
– एक वाचक, फर्दापूर

उत्तर : आधी तब्येत सांभाळा, मासे धीर धरतील. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून भरलेली बादली उचलूच नका.

आठवड्याला वीस लिटर एकदम बदलण्याऐवजी रोज तीन लिटर बदला. पाणी काढायला बारीक नळी वापरा. तिचे टोक खिडकीबाहेरच्या कुंडीत सोडले की झाडालाही खत मिळते. नवे पाणी तांब्या-तांब्याने, सावकाश घाला. पाण्याचे भांडे कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकावे लागणार नाही. ते भरायचे काम घरच्यांना सांगा. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असेल, तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय ते वापरू नका.

खाणे निम्मे करा. दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा. उरलेले खाणे कुजून अमोनिया होतो आणि मासे त्यानेच दगावतात. नवे मासे सध्या आणू नका.

फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळा. नळाखाली धुतला तर पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतात. हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपाचे प्लग काढा.

काचेवर थोडे शेवाळ येईल, येऊ द्या. त्याने मासे मरत नाहीत. ते घासायला गेलात, तर टाके मात्र उसवू शकतात. लवकर बरे व्हा.