जुनी मोटार, कमी पेट्रोल

मुलांनो, मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुम्ही चित्रात किंवा चित्रपटात पाहिली असेल. ही मोटार कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यात तयार होत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तरी काही हौशी लोक अशा जुन्या मोटारी मेहनतीने दुरुस्त करतात व वापरतात. पत्रा चकचकीत होतो, रंग नवा दिसतो. पण पेट्रोल मात्र फार लागते. असे का होते? त्यावर उपाय काय? चला, पाहू या.

आधी मोजावे, मग उपाय करावा. टाकी पूर्ण भरून मोटार २४० किलोमीटर चालवावी. मग टाकी पुन्हा तेवढीच भरावी. समजा, या वेळी २० लिटर पेट्रोल लागले. म्हणजे एका लिटरला १२ किलोमीटर. मिस्त्री यालाच ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

आता इंजिनाकडे वळू. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे आहे. त्यासाठी पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बुरेटर तयार करतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडली, तर ते अर्धवट जळते. काळा धूर निघतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त बाहेर पडतो. मालकाचा पैसा वाया जातो आणि वाटसरूंच्या श्वासात विष मिसळते.

असे होण्याची कारणे साधी असतात. एअर फिल्टर धुळीने भरतो. चोकची तार अडकते. कार्बुरेटरमधला फ्लोट बिघडतो. दोषाची खूण प्लग सांगतो. त्याचे टोक काजळीने काळे झाले असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे असे समजावे. टोक फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य आहे. ते पांढरे पडले असेल, तर पेट्रोल फारच कमी मिळत असावे. असे इंजिन तापते व त्याचे व्हॉल्व्ह जळू शकतात. म्हणून बचतीसाठी इंजिनाला उपाशी ठेवू नये.

दोष नेहमी इंजिनातच असतो असे नाही. टायरमध्ये हवा कमी असेल, तर गाडी जड चालते. ब्रेक घासत असेल, तर चाक तापते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले, की ते लगेच कळते. रबरी नळ्याही तपासाव्यात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. त्याने जुने रबर खराब होऊ शकते. पेट्रोल गळले, तर आगीचा धोका असतो.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा मोजावे. तेव्हाच कोणत्या उपायाने फायदा झाला ते कळते. समजा, सर्व दुरुस्त्यांनंतर त्याच २४० किलोमीटरला १६ लिटर लागले. म्हणजे ४ लिटर पेट्रोल वाचले!

चालकानेही गाडी एकसारख्या वेगाने चालवावी. मात्र पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो आणि अपघात होऊ शकतो.

मुलांनो, थेंबे थेंबे तळे साचे. पेट्रोलचेही तसेच आहे. तुमच्या घरी स्कूटर असेल, तर या रविवारी टायरमधली हवा तपासायला वडिलांना आठवण करा.

शब्दार्थ
हौशी – आवड असणारा
काजळी – धुराचा काळा थर
वाटसरू – रस्त्याने जाणारा

स्वाध्याय
१. प्लगचे टोक काळे का होते?
२. एका वेळी एकच दुरुस्ती का करावी?
३. दुरुस्तीनंतर मोटार एका लिटरला किती किलोमीटर चालली?
४. मिस्त्री, हवा, कारखाना हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी दोन शब्द पाठातून शोधा.