बंद करायचा राहून गेलेला ग्रुप



या सदरात आपण साखर, रक्तदाब, गुडघे, झोप यांविषयी बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे. आजारपणात एकमेकांना धीर द्यायला आणि विचारायला आपण मोबाइलवर व्हॉट्सॲपचे ग्रुप काढले. त्यांतले जुने झालेले ग्रुप बंद कसे करावेत आणि उरलेले एकत्र कसे आणावेत, हे आज सांगणार आहे. हा धडा मी माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकले.

मी कुपत होलीमच्या दवाखान्यात बरीच वर्षे नर्स होते. निवृत्त झाल्यावर, २०१५ मध्ये, आमच्या मोअदोनमधल्या साखरवाल्या मंडळींसाठी मी एक ग्रुप काढला. पुढे कुणी सांधेदुखीचा काढला, कुणी रक्तदाबाचा. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा आणखी दोन निघाले. मग घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा एक आणि मोअदोनचा एक. असे सात ग्रुप झाले. माणसे बहुतेक तीच. पाच-सहा वर्षांनी माझ्या ग्रुपवर शब्बाथच्या शुभेच्छा आणि फुलांची चित्रे यांशिवाय काही येईनासे झाले. मीही उघडून पाहायचे सोडले. बंद मात्र केला नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री आमच्या ओळखीच्या एका मावशींना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, डोके गरगरू लागले. वय ८१, एकट्या राहतात. साखरेची गोळी घेतली होती, पण जेवण नावापुरतेच झाले होते. त्यांनी माझ्या त्या जुन्या ग्रुपवर विचारले. कुणी उत्तर दिले नाही. मग त्यांनी जुने संदेश वर सरकवून पाहिले. तिथे लिहिलेले सापडले, "गरगरल्यास मीठ घालून लिंबूपाणी प्यावे, साखर घालू नये." त्यांनी तसेच केले. नशिबाने शेजारीण कशाला तरी आली. तिने यंत्रावर साखर पाहिली तर ५२! तिने लगेच फळांचा रस पाजला, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं, तुझाच ग्रुप ना? म्हणून विश्वास ठेवला." त्या रागावल्या नव्हत्या. म्हणून मला अधिकच लागले.

तो संदेश खोटा नव्हता. एका ऐन उन्हाळ्यात, खामसीनच्या दिवसांत, रक्तदाब उतरलेल्या एका काकांसाठी कुणीतरी तो लिहिला होता. त्यांच्यासाठी त्या दिवशी तो ठीक असेल. मावशींची साखर उतरली होती. त्यांना नेमकी साखरच हवी होती. सल्ला एका माणसासाठी, एका दिवसापुरता असतो. ग्रुपमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि वाचणाऱ्याला आजच लिहिल्यासारखा वाटतो.

आधी हे लक्षात ठेवा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून किंवा अर्धा ग्लास फळांचा रस ताबडतोब घ्यावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे, आणि सावरल्यावर काही खाऊन घ्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०१ ला फोन करावा.

जुने सल्ले कसे बिघडतात

ग्रुप आवरायला बसले तेव्हा मी सातही ग्रुपचे जुने संदेश वाचून काढले. त्यांतली तीन उदाहरणे सांगते.

पहिले, ॲस्पिरिन. "साठीनंतर प्रत्येकाने रोज एक छोटी ॲस्पिरिन घ्यावी" असे एका संदेशात होते. एके काळी बरेच डॉक्टरही तसे सांगत. आता, ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशा वृद्धांनी ती सरसकट सुरू करू नये असा सल्ला आहे, कारण पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मात्र ज्यांना डॉक्टरांनी ती दिलेली आहे त्यांनी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरे, आम्लपित्ताची रॅनिटिडीन. भारतातून येताना ती कुणी कुणी आणतात, आणि तिच्या पाकिटाचा फोटो दोन ग्रुपवर होता. या गोळ्यांत एक घातक द्रव्य आढळल्यामुळे २०१९ आणि २०२० मध्ये अनेक देशांत त्या बाजारातून काढून घेण्यात आल्या. आमच्या ग्रुपवर तो फोटो तसाच होता.

तिसरे, किप्पूरचा उपास. "पहाटे गोळी घ्या आणि उपास करा" असे कुणीतरी फार पूर्वी लिहिले होते. आज आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डब्यात एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन असते. पूर्वी ती फारशी कुणाकडे नसे. ही गोळी घेऊन सुमारे पंचवीस तास काही न खाता-पिता राहिले तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून सणाच्या बरेच आधी आपल्या डॉक्टरांकडे तोर घेऊन विचारावे. ग्रुपमधला जुना संदेश शोधू नये.

आणखी एक गोष्ट दिसली. रक्ताचे अहवाल लोकांनी ओळख क्रमांकासकट टाकले होते. काम सोडून कधीच गेलेली एक मेतापेलेत अजून त्या ग्रुपमध्ये होती आणि सगळे पाहू शकत होती.

आम्ही काय केले

आम्ही तिघे-चौघे मोअदोनमध्ये चहा घेऊन बसलो आणि एका कागदावर सातही ग्रुपची यादी केली. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या. ॲडमिन कोण? शेवटचा खरा प्रश्न कधी आला? त्याला उत्तर मिळाले का? पाच ग्रुपमध्ये वर्षभर एकही प्रश्न आला नव्हता. एकाचे ॲडमिन तर आता हयातही नव्हते.

मग ठरले की दोनच ग्रुप ठेवायचे. एक तब्येतीचा, दुसरा सणावारांच्या शुभेच्छा, फोटो आणि गप्पांचा. शुभेच्छांच्या गर्दीत मावशींसारख्यांचा प्रश्न बुडू नये म्हणून हे दोन वेगळे.

बंद करण्याआधी महिनाभर सांगत राहिलो. लिहून सांगितले, आणि आवाजातूनही सांगितले, कारण काहींना बारीक अक्षर दिसत नाही. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना फोन केले. त्यांतल्या दोघी इस्पितळात असल्याचे त्या फोनमुळेच कळले.

एक काका फार रागावले. "ग्रुप बंद म्हणजे माणसं बंद," म्हणाले. त्या ग्रुपवर त्यांच्या पत्नीचा आवाज होता. मलिद्यात गूळ कमी घालून चव कशी राखायची, हे त्या सांगत होत्या. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. मी म्हटले, "काका, हा आवाज हरवू देणार नाही." त्यांच्या नातवाला बोलावले. त्याने तो आवाज काकांच्या फोनमध्ये वेगळा जपून ठेवला, आणि आम्ही तो गप्पांच्या ग्रुपवरही घातला. त्यानंतर काका स्वतःच चार जणांना नव्या ग्रुपमध्ये घेऊन आले.

नव्या ठिकाणी माणसे सगळी नेली, संदेश मात्र निवडून नेले. जे कामाचे वाटले ते दवाखान्यातल्या नर्सला दाखवले, तारीख घातली. सात ग्रुपमधून उरले जेमतेम एक पान.

शेवटी जुन्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली आणि एकच निरोप ठेवला, "हा ग्रुप बंद झाला आहे. प्रश्न नव्या ग्रुपवर विचारा. तातडीचे असेल तर १०१." महिन्याने एकेकाला काढून ग्रुप संपवला. इथे एक ध्यानात घ्या. ॲडमिनने ग्रुप संपवला तरी आपल्या फोनमध्ये आधीच आलेले संदेश तसेच राहतात. ते आपले आपण पुसावे लागतात. जमत नसेल तर नातवंडांना सांगावे. तेवढ्या निमित्ताने ती जवळ बसतील.

आपण प्रत्येकाने काय करावे

१. तब्येतीचा सल्ला वाचताना आधी तारीख पाहा. तारीख नसेल तर तो सोडून द्या.

२. औषधाचे नाव आणि मात्रा ग्रुपवर देऊ नका, घेऊ नका. ते डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट सांगेल.

३. आपले अहवाल ग्रुपवर टाकू नका.

४. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे, बेशुद्धी यांसाठी ग्रुप नसतो. सरळ १०१.

५. तुम्ही ॲडमिन असाल तर जोडीला दुसरा ॲडमिन नेमा. दोघांपैकी कुणालाच लक्ष देणे होत नसेल, तर ग्रुप बंद करा आणि तसे सर्वांना सांगा. दार उघडे आणि घरात कुणी नाही, असे ठेवू नका.

नव्या ग्रुपवर आम्ही पाच जण पाळीपाळीने लक्ष देतो. मागच्या महिन्यात त्याच मावशींनी रात्री विचारले, "जेवण गेलं नाही, गोळी घेऊ का?" पाळीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत फोन केला, साखर तपासून घेतली आणि कुपत होलीमच्या रात्रीच्या नर्सशी त्यांची गाठ घालून दिली. मावशी थोडे खाऊन निवांत झोपल्या.

आज संध्याकाळी आपला फोन उघडा. असा एखादा ओसाड ग्रुप तुमच्याकडेही असेल. त्याच्या ॲडमिनला फोन करा. आणि ॲडमिन तुम्हीच असाल, तर मी लावला तेवढा उशीर लावू नका.