घरून कचेरीत जाणारी वाट : व्हीपीएनचा परिचय

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि नागपूरच्या मिहानमधील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कामे घराघरांतून चालू लागली. तत्पूर्वी, १३ मार्च रोजी, केंद्राच्या दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरील काही अटी शिथिल केल्या होत्या. परंतु परवानगी मिळाली तरी कचेरीतील कागदपत्रे घरच्या संगणकावर कशी यावीत? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘व्हीपीएन’, अर्थात आभासी खाजगी जाळे होय.

समजा, सीताबर्डीवरील एका कचेरीत दहा संगणक परस्परांना जोडलेले आहेत आणि तेथील एक लिपिक कामठीला राहतो. मधला रस्ता इंटरनेटचा, म्हणजे सार्वजनिक. त्या रस्त्याने उघडे पत्र धाडल्यास ते वाटेत कोणीही वाचू शकेल. व्हीपीएन प्रत्येक पत्र सांकेतिक लिपीत लिहून मोहोरबंद लखोट्यात घालते आणि कचेरीतील सर्व्हर तो लखोटा फोडून मजकूर आत पोचवितो.

हा सर्व्हर कसा उभारतात? ‘वायरगार्ड’ या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊ. २९ मार्च २०२० रोजी आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

प्रथम, कचेरीला इंटरनेट पुरवठादाराकडून कायमचा सार्वजनिक पत्ता घ्यावा. पत्ता रोज बदलला तर लखोटा जाणार कोठे? दुसरे, सर्व्हर व लिपिकाचा संगणक या दोहोंवर किल्ल्यांची एकेक जोडी तयार करावी. जोडीतील गुप्त किल्ली ज्याची त्याच्यापाशीच राहते. उघडी किल्ली तेवढी परस्परांना द्यावयाची. तिसरे, राउटरवर यूडीपीचे एकच दार, रूढ क्रमांक ५१८२०, सर्व्हरकडे वळवावे. चौथे, कचेरीतील अंतर्गत पत्ते घरच्या पत्त्यांहून वेगळे ठेवावेत. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असले, तर हवा असलेला संगणक घरातला की कचेरीतला, याचा घोटाळा होतो.

येथवरचे काम एका दुपारचे. खरी कसोटी पुढेच आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. त्यांनी वापरले होते व्हीपीएनचे एक जुने, वापरात नसलेले खाते. त्याला केवळ परवलीच्या शब्दाचे संरक्षण होते. दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीला ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी द्यावी लागली. लखोटा अभेद्यच होता, पण दाराची जुनी किल्ली कोणी काढून घेतली नव्हती.

म्हणून प्रत्येकास स्वतंत्र किल्ली द्यावी. संगणक हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, की त्याच दिवशी ती रद्द करावी. लेखनिकास लेखा विभागाच्या कपाटापर्यंत जाऊ देण्याचे कारण नाही. या गोष्टी यंत्र ठरवीत नाही. कोणाला कोठवर येऊ द्यावे, हे कचेरी चालविणाऱ्या माणसांनीच ठरवावयाचे असते. आणि उद्या अशा कचेऱ्यांत बसणार आहेत ते आपल्यासारखे कला शाखेचे पदवीधरच.