इंटरकूलरच्या नळ्यांचे सांधे व त्यांची निगा

हर्सूलच्या उत्तरेस चौका, फुलंब्री, सिल्लोड या बाजूंचा भाजीपाला व भुसार माल जाधववाडीच्या बाजार आवाराकडे निघतो, तो आज बैलगाडीतून नव्हे तर डिझेलच्या पिकअप गाडीतून. या गाड्यांच्या इंजिनांवर बहुधा टर्बो असतो. भरल्या गाडीने चौक्याच्या घाटात जोर करावा आणि तेवढ्यात फट् असा आवाज होऊन गाडीची ताकद नाहीशी व्हावी, असा प्रसंग अनेकांवर येतो. इंजिन बंद पडत नाही, पण चढही चढत नाही. लिलावाची वेळ टळते व मालाचा भाव उतरतो. कारण शोधू जाता इंटरकूलरची रबरी नळी आपल्या तोंडावरून निसटलेली आढळते. मिस्त्री क्लिप आवळून देतो, आणि पंधरा दिवसांत तीच नळी पुन्हा निसटते. असे का होते व त्यास उपाय काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

टर्बो व इंटरकूलर यांचे कार्य

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही युक्ती स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. प्रथम ती जहाजांच्या व इतर मोठ्या इंजिनांस लागू झाली. डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी मोटारीत ती १९७८ साली मर्सिडीज कंपनीने आणली. आपल्या जिल्ह्यात शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यांतील डिझेल गाड्यांतही हीच योजना होती. आता ती पिकअपपासून मोठ्या ट्रॅक्टरांपर्यंत येऊन पोहोचली आहे.

हवा दाबली की ती तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड हातास गरम लागते, त्यामागील कारण हेच. टर्बोतून निघणारी हवा भाराखाली शंभर अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तिला थंड करण्यासाठी रेडिएटरसारखी एक जाळी मध्ये बसवितात, तीच इंटरकूलर होय. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक आणि तेथून इंजिनापर्यंत दुसरी, अशा दोन वाटा नळ्यांनी जोडलेल्या असतात. इंजिन हलते, इंटरकूलर मात्र गाडीच्या सांगाड्यास पक्का असतो. म्हणून या वाटांत रबराचे लवचिक तुकडे घालावे लागतात. जेथे रबर धातूस किंवा प्लॅस्टिकास मिळते, तो सांधाच या वाटेतील नाजूक जागा.

दाबाचा हिशेब

नळीचा आतील व्यास ६ सेंटीमीटर धरला, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर भरते. चढावर टर्बोचा दाब बाहेरच्या हवेहून दर चौरस सेंटीमीटरास १.२ किलो अधिक झाला, तर नळीस तोंडावरून ढकलणारा जोर सुमारे ३४ किलो होतो. म्हणजे पन्नास किलोच्या कट्ट्याचा दोन तृतीयांश भार त्या सांध्यास ओढीत आहे, असे समजावे. सपाटीवर हळू चालताना हा जोर अगदी थोडा असतो. म्हणून सैल नळी अंगणात शाबूत दिसते आणि घाटात दगा देते.

दाबाखालील वाटेत बहुधा नळ फुटत नाही, सांधा उकलतो. ठिबकाच्या किंवा तुषार सिंचनाच्या पाइपांचा अनुभव असणाऱ्या बागायतदारास हे निराळे सांगावयास नको.

नळी का निसटते

पहिले व मुख्य कारण तेल होय. इंजिनाच्या पोटातील तेलकट वाफ हवेच्या वाटेतच परत सोडलेली असते, त्यामुळे नळ्यांच्या आत तेलाचा पातळ थर बसतो. थोडा थर असणे हा दोष नव्हे. परंतु तेच तेल सांध्यात झिरपले म्हणजे रबर व धातू यांची पकड सुटते. अशा तेलकट सांध्यावर क्लिप कितीही आवळली तरी व्यर्थ. ओल्या साबणाची वडी जितकी घट्ट धरावी तितकी ती हातातून निसटते, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण रबराचे वय. उष्णतेने व तेलाने रबर एकतर कडक होते किंवा फुगून मऊ पडते. दोन्ही अवस्थांत पकड राहत नाही.

तिसरे कारण क्लिपची जागा. नळीच्या तोंडाशी धातूवर एक कंगोरा उठविलेला असतो. नळी त्याच्या पुष्कळ पलीकडे चढवून क्लिप कंगोऱ्याच्या मागे बसली पाहिजे. क्लिप कंगोऱ्यावर किंवा नळीच्या अगदी काठावर बसली, तर ती नळीस धरून न ठेवता उलट पुढे सरकविते.

चौथे कारण इंजिनाचे फाउंडेशन. त्याचे रबर बसले म्हणजे जोर देताच इंजिन झोके घेते व प्रत्येक झोक्यास नळी ओढली जाते. एकच नळी वारंवार निसटत असेल, तर क्लिप बदलण्यापूर्वी फाउंडेशन पाहावे.

बसविण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नळी काढावी. नळीची आतील बाजू व धातूची बाहेरील बाजू स्वच्छ फडक्याने पुसून मग ब्रेक क्लीनरने किंवा स्पिरिटने धुवावी. हे द्रव झटकन पेट घेतात, म्हणून विडी-काडी दूर ठेवावी. डिझेल किंवा रॉकेल या कामी वापरू नये. त्यांचा थर मागे राहतो व रबरही बिघडते. दोन्ही बाजू पूर्ण वाळू द्याव्या. नळी वाकवून पाहावी. चिरा किंवा फुगवटा दिसल्यास ती बदलावी. धातूच्या तोंडावर गंज वा जुन्या रबराची खपली असल्यास ती खरवडून काढावी.

नळी चढविताना ग्रीस वा तेल लावू नये. ती चढत नसेल तर जरा कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. शर्यतीच्या गाड्यांचे हौशी लोक केस बसविण्याचा फवारा आत मारतात. तो ओला असताना नळी सहज चढते व वाळल्यावर चिकटते. ही युक्ती खोटी नाही, पण तेलकट सांध्यावर तिचाही उपयोग होत नाही. नळी थांबेपर्यंत चढवून तिच्या काठाशी धातूवर खडूची रेघ मारावी. पुढे नळी सरकू लागली तर ती रेघच प्रथम सांगते.

क्लिपची पट्टी रुंद व कडा गुळगुळीत असाव्या. स्क्रूच्या साध्या क्लिपेपेक्षा टी-बोल्टची क्लिप सर्व बाजूंनी सारखी आवळते, म्हणून अधिक दाबास ती बरी. मूळ गाडीवर कमानीची क्लिप असल्यास ती निष्कारण बदलू नये. रबर आकसले वा फुगले तरी ती आपोआप दाब राखते. आवळताना पट्टीच्या खाचांतून रबर वर उठू लागले की थांबावे. त्याहून अधिक आवळल्यास रबर कापले जाते. गाडी एकदा तापून थंड झाल्यावर क्लिप पुन्हा तपासावी. सिलिकोनची नळी घ्यावयाची झाल्यास आतून तेलास दाद न देणारे अस्तर आहे, अशीच घ्यावी.

युरोपीय घडणीच्या अनेक गाड्यांत स्क्रूची क्लिप नसते. तेथे तारेचा खटका व आत रबरी कडे असते. या सांध्यास पकड खटक्याची व अटकाव कड्याचा. तार वाकली किंवा कडे कडक झाले तर ते बदलावे. वरून दुसरी क्लिप चढवून काम भागत नाही.

वाटेत नळी निसटल्यास

गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. नळ्या निवेपर्यंत हात लावू नये. नंतर सांधा कोरड्या फडक्याने पुसून नळी चढवावी व मुक्काम येईपर्यंत जोर न देता चालवावे. निसटलेल्या नळीने तशीच गाडी पळविणे फार महागात पडते. एक तर दाब भरून काढण्यासाठी टर्बो मर्यादेबाहेर फिरतो. दुसरे, इंजिन त्या उघड्या तोंडातून न गाळलेली हवा ओढते. आपल्या रस्त्यावरील धूळ अशा रीतीने आत गेली, तर सिलिंडर व रिंगा घासून इंजिन अकाली धूर टाकू लागते. जुन्या गाडीत काळा धूर दिसतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धूर गाळणाऱ्या जाळीत काजळी साठते व दिवा लागून इंजिनाची ताकद आपोआप उतरते. उघड्या तोंडावर फडके बांधून इंजिन मात्र कदापि चालवू नये. ते आत ओढले जाते.

पाहणी व नोंद

महसुलात पीकपाहणी जशी ठरल्या हंगामात होते, तशी या सांध्यांची पाहणी वर्षातून निदान दोनदा, खरिपाच्या व रब्बीच्या मालाची ने-आण सुरू होण्यापूर्वी करावी. सांध्याभोवती ओलसर तेल व त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तेथून हवा झिरपत आहे असे समजावे. जोर देताना फुसफुस आवाज येणे हीही तीच खूण. नळी व क्लिप केव्हा बदलली, मीटर किती होता, हे एका वहीत लिहून ठेवावे. कोणती नळी कितव्यांदा निसटली हे वहीवरून समजले, की दोष नळीचा की फाउंडेशनचा याचा निवाडा करता येतो. तोंडी हिशेबावर हा निवाडा होत नाही.

सारांश, नळी राखावयाची ती स्क्रूच्या जोराने नव्हे. सांधा स्वच्छ व कोरडा, रबर जिवंत, क्लिप कंगोऱ्याच्या मागे आणि इंजिन आपल्या जागी स्थिर, या चार गोष्टी जमल्या म्हणजे साधी क्लिपही पुरते. अर्ध्या तासाचे काम व एक स्वच्छ फडके, एवढ्यावर एका इंजिनाचे आयुष्य वाचते. गाडीवर अजून कर्ज फिटावयाचे असेल, त्या शेतकऱ्याने तर याचा विसर पडू देऊ नये, अशी आमची सूचना आहे.