हिवाळ्यातील मुद्दल : सायकलस्वार आणि व्यायामशाळेचे चार महिने

सायकल हे उघड्या आकाशाखालचे वाहन आहे. ऊन, वारा, चढ आणि उतार यांच्याशी जुळवून घेत सायकलस्वाराचे शरीर घडत जाते. परंतु वर्षातील काही महिने निसर्गच त्याची वाट अडवतो. नॉर्वे, कॅनडा यांसारख्या देशांत हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जातात. आपल्याकडे काश्मीर आणि लडाखमध्येही तीच स्थिती असते. दिल्ली, लखनौ, पाटणा या मैदानी शहरांत बर्फ पडत नाही. तेथे दाट धुके आणि दूषित हवा सायकलस्वाराला घरात बसवतात. महाराष्ट्रात मात्र हिवाळा हाच सायकलचा खरा हंगाम असून खंड पडतो तो पावसाळ्यात. कारणे निरनिराळी असली तरी प्रश्न एकच उरतो : वर्षभर कष्टाने कमावलेली क्षमता या सक्तीच्या विश्रांतीत टिकवायची कशी?

यावर उपाय म्हणून अनेक जण व्यायामशाळेचे सभासद होतात. निर्णय योग्यच असतो. मात्र तेथे जाऊन नेमके काय करावे आणि त्यासाठी किती रक्कम मोजावी, या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार क्वचितच केला जातो. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

दूषित हवेचा हिशेब

विश्रांत अवस्थेत माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. जोरात सायकल चालवताना हेच प्रमाण ६० ते १०० लिटरपर्यंत जाते. म्हणजेच हवा दूषित असेल तर व्यायाम करणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट प्रदूषण फुप्फुसांत ओढून घेतो. पीएम २.५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा भारतीय मानकानुसार दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ मायक्रोग्रॅम सुचवली. उत्तर भारतात हिवाळ्यात या दोन्ही मर्यादा वारंवार ओलांडल्या जातात. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून मैदानात उतरले होते, हे अनेकांना स्मरत असेल.

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर गेला की ती हवा ‘खराब’ श्रेणीत येते. अशा दिवशी सायकल बाहेर न काढणेच शहाणपणाचे. मात्र व्यायामशाळेच्या चार भिंती म्हणजे शुद्ध हवेची हमी नव्हे. सूक्ष्म कण दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येतातच. म्हणून सभासदत्व घेण्यापूर्वी तेथे हवा शुद्ध करणारी यंत्रणा आहे का, तिचे फिल्टर वेळच्या वेळी बदलले जातात का आणि गर्दीच्या वेळी हवा खेळती राहते का, याची चौकशी अवश्य करावी.

मुद्दल किती वेगाने घटते?

शरीराची क्षमता ही एक प्रकारची ठेव आहे. फरक इतकाच, की हात न लावता ठेवली तर ती वाढत नाही, घटते. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ कसून सराव केलेल्या ७ जणांनी सराव पूर्णपणे थांबवला, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि ५६ दिवसांत सुमारे १६ टक्क्यांनी घटली. त्यानंतर घसरण थांबली. ठेवीची पहिली गळती सर्वांत वेगवान असते, हा याचा मथितार्थ.

ही गळती रोखायला किती सराव पुरतो? याचे उत्तर रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील प्रयोगांत सापडते. काही जणांकडून १० आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे कठोर व्यायाम करून घेण्यात आला. पुढील १५ आठवडे एका प्रयोगात व्यायामाचे दिवस ४ किंवा २ वर आणले गेले, तर दुसऱ्यात रोजचा वेळ २६ किंवा १३ मिनिटांवर. दोन्ही प्रयोगांत प्राणवायू वापरण्याची वाढलेली क्षमता जवळपास तशीच राहिली. परंतु व्यायामाची तीव्रता कमी करताच ती टिकली नाही. वेळ फारच कमी केलेल्या गटाची दीर्घकाळ तग धरण्याची शक्तीही काहीशी घटली.

सायकलस्वारासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. व्यायामशाळेतील स्थिर सायकलवर रोज दोन-दोन तास रटाळपणे पाय फिरवण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ, परंतु पूर्ण जोर लावून केलेला सराव मुद्दल सांभाळतो. दीर्घकाळ तग धरण्याची शक्ती राखण्यासाठी हवा स्वच्छ असेल त्या दिवशी बाहेर लांबची फेरी मारावी. उत्तरेत हिवाळ्यात सकाळपेक्षा दुपारची हवा बहुधा बरी असते, हे लक्षात ठेवावे.

सायकल जे देत नाही ते

व्यायामशाळेकडे केवळ रस्त्याचा पर्याय म्हणून पाहिले, तर तिचा अर्धाच लाभ मिळतो. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. त्यामुळे हृदय व फुप्फुसे बळकट होतात, पण हाडांना हवा तेवढा ताण मिळत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षे स्पर्धात्मक सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता अपेक्षेपेक्षा कमी आढळते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. वजनांचा व्यायाम ही उणीव भरून काढण्यास मदत करतो.

त्याचा लाभ सायकल चालवतानाही मिळतो. दीर्घ हिवाळ्याच्या नॉर्वेमध्ये बेंट रॉनेस्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलस्वारांच्या एका गटाने नेहमीच्या सरावाच्या जोडीला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनांचा व्यायाम केला. अर्ध्या बैठका, एका पायाने लेग प्रेस, मांडी वर उचलणे आणि टाचा उचलणे हे त्यातील चार प्रकार होते. पुढे स्पर्धांच्या १३ आठवड्यांत हाच व्यायाम आठवड्यातून एकदाच केला, तरी कमावलेली ताकद टिकली आणि कामगिरीही सुधारली. हिवाळ्यात गुंतवणूक करावी आणि उन्हाळ्यात अल्प हप्त्याने ती चालू ठेवावी, असा हा सरळ व्यवहार आहे.

स्थिर सायकलशी ओळख

व्यायामशाळेतील जड चाकाची स्थिर सायकल रस्त्यावरील सायकलसारखी वागत नाही. बऱ्याच प्रकारांत चाक आणि पेडल एकत्रच फिरतात. पाय थांबवले तरी चाकाच्या वेगामुळे पेडल फिरत राहते आणि गुडघ्याला हिसका बसू शकतो. म्हणून आधी वेग कमी करावा, मग ब्रेकची कळ दाबून थांबावे.

सीटची उंची हा दुसरा मुद्दा. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप किंचित बाक येतो. स्वतःच्या सायकलवर सीटची उंची मोजून ठेवली आणि तीच येथे लावली, तर गुडघे व कंबर कुरकुरत नाहीत.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. सायकल चालवताना शरीरात निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. रस्त्यावर समोरचा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत वारा नसल्याने बाहेर थंडी असूनही घामाच्या धारा लागतात आणि नाडीचे ठोके वाढत जातात. म्हणून समोर पंखा असावा, जवळ पाणी असावे आणि ‘हिवाळ्यात तहान कसली’ असे म्हणू नये.

आठवड्याचे वेळापत्रक

नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या सायकलस्वाराला आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत.

सोमवार : वजनांचा व्यायाम. पहिले दोन-तीन आठवडे हलक्या वजनाने योग्य पद्धत शिकावी, मग वजन हळूहळू वाढवावे. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये.

बुधवार : स्थिर सायकल. १० मिनिटे अंग मोकळे केल्यावर ४ मिनिटे जोरात, ३ मिनिटे सावकाश, अशी चार आवर्तने करावीत. जोराच्या मिनिटांत दम लागून बोलणे कठीण व्हावे. शेवटी ५ मिनिटे सावकाश चालवून थांबावे. सारे मिळून पाऊण तासाच्या आत आटोपते.

शनिवार : २० मिनिटे जोरकस सायकल आणि विश्रांतीनंतर पायांच्या व पाठीच्या वजनांचा थोडक्यात व्यायाम.

रविवारी हवा चांगली असेल तर रस्त्यावर जावे. तोल, वळणे आणि रहदारीचे भान यांचा सराव कोणत्याही यंत्रावर होत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानंतरच प्रारंभ करावा.

सभासदत्वाचा ताळेबंद

आता खर्चाची बाजू. समजा, एका व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क १२,००० रुपये, तीन महिन्यांचे ४,५००, एका महिन्याचे १,८०० आणि एका दिवसाचे १५० रुपये आहे. हिवाळ्याच्या १६ आठवड्यांत आठवड्याला तीन याप्रमाणे ४८ फेऱ्या होतील. वार्षिक सभासदत्व घेऊन उरलेले आठ महिने तिकडे फिरकलेच नाही, तर प्रत्येक फेरी २५० रुपयांना पडते. तीन महिने अधिक एक महिना असे ६,३०० रुपये भरले, तर ती सुमारे १३१ रुपयांना पडते. पण उत्साह ओसरून आठवड्याला दोनच फेऱ्या झाल्या, तर हाच दर १९७ रुपयांवर जातो आणि रोजचे शुल्क भरणे स्वस्त ठरते. या उदाहरणात ६,३०० रुपये वसूल होण्याची सीमारेषा ४२ फेऱ्यांची आहे. आपल्या शहरातील दर घेऊन प्रत्येकाने असे गणित मांडावे.

उत्साह ओसरण्याची शक्यता काल्पनिक नाही. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठरावीक शुल्क भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत. प्रत्येक फेरी त्यांना १७ डॉलरहून अधिक किमतीची पडे. १० फेऱ्यांच्या पासावर तीच १० डॉलरला मिळत होती. माणूस सभासदत्व घेताना आपल्या भावी निश्चयाचे मूल्य जास्त धरतो, हेच या आकड्यांतून दिसते.

यावर साधा उपाय असा, की पहिले दोन आठवडे रोजचे शुल्क भरून जावे, प्रत्यक्ष फेऱ्या वहीत नोंदवाव्यात आणि त्यानंतरच मुदत ठरवावी. सभासदत्व मध्येच स्थगित करता येते का, ते लेखी विचारावे. शुल्क खात्यातून वा कार्डावरून आपोआप वळते होत असेल, तर हंगाम संपताच ती सूचना रद्द करण्यास विसरू नये. कार्डावरील अशा नियमित वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना मिळते. ती न वाचता पुसून टाकू नये.

हिवाळा सरल्यावर सायकल पुन्हा रस्त्यावर येते आणि पहिल्याच चढावर चार महिन्यांचा हिशेब उलगडतो. आठवड्यातील तीन दिवस नेमाने सांभाळले असतील, तर पाय जुने बळ घेऊन येतात. वजनांच्या व्यायामाने त्यात थोडी भरही पडलेली असते. मग वजनांसाठी आठवड्यातून एक फेरी पुरते आणि तेवढ्यासाठी रोजचे शुल्कही परवडते.