संकोच आणि उपचार

‘अंगावरून जाणे’ हे शब्द आजही अनेक घरांत दबक्या आवाजात उच्चारले जातात. हे दुखणे सांगायचे नसते, सोसायचे असते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत 650 स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील 92 स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. तपासणी व उपचार मात्र पूर्वी जेमतेम 8 जणींना मिळाले होते. आढळलेल्या आजारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते.

गरोदरपणी हा संकोच बाळालाही बाधू शकतो. या काळात पांढरा, वास नसलेला स्राव थोडा वाढणे स्वाभाविक असते. परंतु स्रावाला दुर्गंधी येणे, रंग हिरवट-पिवळा होणे, दह्यासारख्या गुठळ्या पडणे, खाज सुटणे किंवा लघवीला जळजळ होणे ही संसर्गाची लक्षणे होत. काही संसर्ग गर्भाशयापर्यंत पोहोचल्यास पाणमोट वेळेआधी फुटू शकते व 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच प्रसूती होऊ शकते. अशा बाळाचे वजन कमी भरते. त्याला श्वास घेणेही कठीण जाते.

प्रत्येक संसर्गाचे औषध निराळे असते. बुरशीच्या संसर्गावर योनिमार्गात ठेवण्याची औषधे देतात, तर जिवाणूंच्या संसर्गावर बहुधा गोळ्या देतात. काही संसर्गांत पतीनेही उपचार घेणे आवश्यक असते. म्हणून शेजारणीचे औषध घेऊ नये. योनिमार्ग आतून धुऊ नये, कारण त्यामुळे तेथील उपकारक जिवाणू नाहीसे होतात. तक्रार नसली तरी रक्त व लघवी तपासून घ्यावी. पाणी किंवा रक्त जाऊ लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा 9 तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. तेथे मनातील संकोच दूर सारून त्रास स्पष्ट शब्दांत सांगावा. डॉक्टरांचे उपचार तिथूनच सुरू होतात.

स्वाध्याय
1. गडचिरोलीतील पाहणीतून कोणती विसंगती दिसून आली?
2. ‘दबक्या आवाजात बोलणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.