‘अ’ जीवनसत्त्व : उपयोग आणि मर्यादा

रोगजंतूंशी सामना करण्याची जी शक्ती शरीरात असते, तिचे पोषण मुख्यतः आहारातून होते. आहारातील एखादे आवश्यक द्रव्य कमी पडले म्हणजे ही शक्ती क्षीण होते आणि ते पुरविले असता ती सुधारते. परंतु जेथे उणीव नाही, तेथे तेच द्रव्य अधिक प्रमाणात घेऊन लाभ होत नाही. कित्येकदा अपायच होतो. ‘अ’ जीवनसत्त्व हे याचे बोलके उदाहरण होय.

डोळे, श्वासनलिका व आतडी यांचे अस्तर निरोगी राखणे, हे या जीवनसत्त्वाचे एक प्रमुख कार्य आहे. ते कमी पडल्यास अस्तर कोरडे पडते व रोगजंतूंचा शिरकाव सुलभ होतो. १९२८ साली ग्रीन आणि मेलन्बी या ब्रिटिश संशोधकांनी त्यास ‘संसर्गविरोधी’ म्हटले, ते याच गुणामुळे. रातांधळेपणा हे उणिवेचे प्रारंभीचे लक्षण. अशा मुलास गोवर झाल्यास रोग उग्र रूप धारण करतो व दृष्टी जाण्याचाही संभव असतो.

म्हणूनच १९७० साली भारतात एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी दर सहा महिन्यांनी दोन लाख आंतरराष्ट्रीय एकके देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख एककांची मात्रा देण्यात येऊ लागली. एकच मात्रा अनेक महिने पुरते, कारण हे जीवनसत्त्व यकृतात साठते.

धोकाही नेमका येथेच आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचा जादा अंश बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे ‘अ’ जीवनसत्त्व तसे जात नाही. अतिरेकाने मळमळ, उलट्या व डोकेदुखी होते. दीर्घकाळ अतिरेक झाल्यास यकृतास इजा पोहोचते. गरोदरपणी मोठ्या मात्रेमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. २००१ साली आसामातील मोहिमेत दोन मिलिलिटरच्या चमच्याऐवजी पाच मिलिलिटरची मापे वापरण्यात आली. त्यानंतर अनेक मुले आजारी पडली. काही मुले दगावल्याच्या घटनांचा औषधाशी असलेला संबंध वादग्रस्त ठरला. मापाचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे.

माशाच्या यकृताचे तेल व बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या एकाच वेळी घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. त्यामुळे वेष्टनावरील प्रमाणांची बेरीज अवश्य करावी. शाकाहारी व्यक्तींनी हेही ध्यानात ठेवावे की, असे तेल आणि बहुतेक मऊ कॅप्सूलांचे जिलेटिनी आवरण प्राणिजन्य असते.

अळू, माठ, शेवग्याची पाने, गाजर, पिकलेली पपई व आंबा यांत कॅरोटिन असते. शरीर गरजेपुरतेच त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. म्हणून अशा आहाराने विषबाधेचे भय नसते. भाजीला थोडे तेल घातल्यास कॅरोटिनचे शोषण चांगले होते. सर्वसाधारण निरोगी माणसाला एवढे पुरेसे आहे. मोठी मात्रा मात्र वैद्यकीय सल्ल्याने व योग्य मापानेच द्यावी.